न खपलेल्या नांगराची दोन वर्षं

उद्योजकतेच्या कुठल्याही वर्गात ही गोष्ट पाच मिनिटांत उरकतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही, आणि पुढे माळरानावर कारखाना उभा राहिला. टाळ्या, चहा, पुढचा विषय.

मी स्वतः आयटीआयला मोल्डरचा ट्रेड केला, नंतर पोरांना ओतकाम शिकवलं, आणि घरी थोडी शेतीही आहे. त्यामुळे ही गोष्ट ऐकली की त्या 'दोन वर्षां'पाशी मी अडतो. न खपलेला माल दारात ठेवून एक शिकलासवरलेला माणूस दोन वर्षं करतो काय? आणि त्याचा नांगर चांगला होता, तर समोरचा शेतकरी नेमका कशाला नको म्हणत होता? हे प्रकरण तेवढ्यापुरतंच मांडतो आहे. किर्लोस्कर समूहाचा इतिहास लिहायचा हा खटाटोप नाही.

आधी माणूस

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती असणार! पण हातात रेघ होती. रंग सोडून त्यांनी ती रेघ यंत्रांच्या आकृत्यांकडे वळवली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक ड्रॉइंग शिकवायला लागले. संस्था तेव्हा नवीच होती, 1887 ची.

यंत्राचं ड्रॉइंग काढणाऱ्याला एक गोष्ट मनातल्या मनात करावी लागते. यंत्र उलगडून त्याचा प्रत्येक भाग वेगळा ठेवायचा आणि पुन्हा जुळवायचा. कागदावर हे वर्षानुवर्षं केलं की हाताला खाज सुटते. लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये रमायचे, अमेरिकेतली यंत्रविषयक मासिकं आणि कारखान्यांचे कॅटलॉग वाचायचे. सायकल नवी आली तेव्हा तीही शिकून घेतली. बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा होते. त्यांच्याबरोबर सायकलींचा धंदा सुरू झाला. किर्लोस्कर समूह 1888 हे आपलं आरंभवर्ष मानतो, ते याच दुकानावरून.

पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून ती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पगारी मास्तरकी सुटली, तोवर शिकणं मात्र अंगवळणी पडलं होतं.

गोठ्यातलं यंत्र आणि शेतातलं यंत्र

शेतीसाठी आधी निघालं ते कडबा कापायचं यंत्र. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना त्याचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. ज्वारीचा अख्खा कडबा बैलापुढे टाकला की तो पानं खातो आणि जाड ताटं तुडवून ठेवतो. तोच बारीक करून टाकला तर गव्हाण साफ होते. यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात उभं असतं, बिघडलं तर त्या दिवशी विळ्यानं काम भागतं. फायदा संध्याकाळी डोळ्यांना दिसतो.

नांगराचं तसं नाही. लक्ष्मणरावांचा नांगर का खपला नाही याचं अर्धं उत्तर मला या फरकात दिसतं.

जुना लाकडी नांगर आठवून बघा. बाभळीचं खोड, त्यातून पुढे गेलेली इसाड, मागे धरायला रुमणं आणि खाली लोखंडाचा फाळ. म्हणजे लोखंड तेव्हाही मातीत जातच होतं! गावच्या लोहारानं घडवलेला फाळ शेकडो वर्षं जमिनीत चालला आणि त्यानं जमीन विषारी झाल्याची तक्रार कुणी केली नाही. मग 'लोखंडाचं विष' ही काय भानगड? निव्वळ अडाणीपणा म्हणून हात झटकायचे असतील तर झटका, पण मला ते पटत नाही.

लाकडी नांगर माती फाडतो, उलटी करत नाही. चार-सहा इंच खोल ओरखडा जातो आणि दोन तासांच्या, म्हणजे नांगराच्या दोन चरांच्या, मधली माती बरीचशी तशीच राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ मातीची वडी कापतो, पंख ती उचलतो आणि पालथी टाकतो. आठ-दहा इंचांपर्यंत खोल जाता येतं. खालची माती वर येते, वरचं तण खाली गाडलं जातं. काळ्या रानात हरळी किंवा कुंदा माजला असेल तर हा फरक फार मोठा. त्यांची मुळं नुसती खरवडून मरत नाहीत. ती उघडी पडून वैशाखाच्या उन्हात वाळावी लागतात.

आता याची दुसरी बाजू. ज्या रानात वरच्या चार-सहा इंच चांगल्या मातीखाली चुनखडी किंवा मुरूम आहे, तिथं खोल नांगरटीनं तीच कच्ची माती वर येते. तिच्यात ना कुजलेलं खत, ना सेंद्रिय अंश. पहिल्या वर्षी पीक पिवळं पडतं, कमी येतं. आमच्याकडचे म्हातारे अशा रानाला 'रान बाटलं' म्हणायचे. लोखंडी नांगर फिरला आणि पीक बसलं, एवढंच कुणी पाहिलं असेल तर त्यानं त्याचं नाव काय ठेवावं? 'विष' हा शब्द माझ्या मते वाईट निरीक्षणातून आलेला नाही. निरीक्षण बरोबर असून कारण चुकलं असेल, असं होऊ शकतं. हा माझा अंदाज आहे, पण मातीत हात घातलेला कुणीही तो लगेच उडवून लावणार नाही.

शेतकऱ्याचा हिशेब

हे प्रकरण मी वर्गात घेतो तेव्हा पोरांना विचारतो, 'तुम्ही लक्ष्मणराव असता तर काय केलं असतं?' उत्तरं ठरलेली. जाहिरात केली असती, किंमत उतरवली असती, हप्ते दिले असते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरानं, घरी चार एकर कोरडवाहू असलेल्या, उलटा प्रश्न केला. 'सर, मोडला तर न्यायचा कुणाकडं?'

वर्ग हसला. मी नाही हसलो.

लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बसवून देई आणि फाळ झिजला तर लोहार शेवटून देई. दोघंही बलुतेदार. पैसे त्या दिवशी द्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य द्यायचं. दुरुस्तीची ही सगळी व्यवस्था गावातल्या गावात होती आणि रोकड न लागता चालत होती. ओतीव लोखंडाचा भाग मोडला तर सुतार हात टेकणार, आणि लोहारही. बिडावर, म्हणजे या ओतीव लोखंडावर, घण घातला की ते आकार घेत नाही, खापरासारखं फुटतं. म्हणजे एका फुटक्या भागासाठी शेतकऱ्यानं बेळगावला जायचं, रोख पैसे मोजायचे, आणि तोवर रानात बैल उभे ठेवायचे. नांगरटीचे दिवस मोजकेच असतात. वळवाचा पाऊस कारखान्याच्या वेळापत्रकानं पडत नाही.

त्यात बैलांचा प्रश्न. लाकडी नांगर हलक्या रानात एका जोडीनं ओढला जातो. जड रानात खोल जाणाऱ्या लोखंडी नांगराला चार-सहा बैल लागतात. एका घरी एवढे नसतातच. मग वारंगुळा करायचा, एकमेकांचे बैल एकत्र आणून आळीपाळीनं रानं नांगरायची. म्हणजे नांगर एकट्यानं विकत घ्यायचा असला, तरी चालवायला शेजारी-भावकीची संमती लागणार. आणि भावकीची संमती मिळवणं हे काम बिडाच्या ओतकामापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं गावात राहिलेलं नसावं.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा सुचली. 'दोन वर्षं' हा आकडा कारखानदाराच्या डोळ्यांनी पाहिला तर छातीत धडकी भरते. शेतकऱ्याच्या मोजणीत मात्र ते दोनच हंगाम आहेत. उन्हाळ्यात नांगरलं, पावसाळ्यात पेरलं, तण किती कमी उगवलं ते श्रावणात कळलं, आणि पीक किती आलं ते सुगीला. एक वर्ष संपलं. शहाणा माणूस एका वर्षावर विश्वास ठेवत नाही, कारण पाऊस चांगला झाला असेल तर श्रेय नांगराला की पावसाला, हे कळत नाही. तो दुसरं वर्ष बघतो. आपल्या पिढीजात जमिनीवर परक्याच्या हत्याराचा प्रयोग करायचा म्हटल्यावर दोन हंगामांची वाट बघणारा माणूस मला तरी मागासलेला वाटत नाही. कृषी विद्यापीठंसुद्धा एका हंगामाच्या निकालावर वाणाची शिफारस करत नाहीत.

बीड

आता माझ्या हातातलं काम.

ओतकाम शिकवताना मी पोरांना पहिल्या आठवड्यात एक पाचर ओतायला लावतो. साचा साधाच, खाली धारदार आणि वर जाड. रस ओतायचा, निवला की काढायचा, ऐरणीच्या कडेवर ठेवून हातोड्याचा एक फटका. पाचर फुटते. फुटलेली बाजू उजेडाकडे धरली की दिसतं ते असं: जाड भाग करड्या रंगाचा, दाणेदार, बोटाला शिसपेन्सिलीसारखा काळा लागणारा. धारेजवळचा भाग मात्र पांढरा, चांदीसारखा चमकणारा, आणि इतका कडक की कानस नुसती घसरते. भट्टी एकच, रसही एकच. धार पातळ म्हणून ती लवकर निवली, आणि बिडातल्या कार्बनला ग्रेफाइट होऊन बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. तो लोखंडाशी बांधला गेला. बिडात कार्बन शेकडा तीन-चारच्या आसपास असतो. तो मोकळा राहिला तर बीड करडं आणि मऊ, बांधला गेला तर पांढरं, कडक आणि ठिसूळ.

नांगराच्या फाळाची सगळी गोम यात आहे. मऊ बिडाचा फाळ आठ दिवसांत बोथट होतो. सगळाच कडक केला तर पहिल्या दगडाला टवका उडतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समनं 1803 मध्ये यावर पेटंट घेतलं. फाळाची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करायची, म्हणजे ती कडक होते. वरची बाजू सावकाश निवते आणि मऊ राहते. मातीत चालताना मऊ वरची बाजू आधी झिजते, कडक खालची टिकते, आणि फाळाला आपोआप धार लागत राहते. वाचायला दोन ओळी आहेत. वाळूच्या साच्यात खालची बाजू झटकन थंड करणारा लोखंडी ठोकळा कुठं बसवायचा, तो कितपत तापवून घ्यायचा, त्यावर ओल राहिली तर रस कसा अंगावर उडतो, हे त्या दोन ओळींत नाही.

कॅटलॉगमध्ये नांगराचं चित्र असतं, मापंही असतात. फाळ कडक कसा केला हे कोणताच कारखानदार कॅटलॉगात छापत नाही. ड्रॉइंगच्या मास्तराला आकार लगेच कळतो. धातू कळायला भट्टीपुढे उभं राहावं लागतं, फसलेला माल फोडून बघावा लागतो. आणि फाळ खरंच टिकतो की नाही, हे भट्टीपुढेही कळत नाही. ते फक्त रानात कळतं, दुसऱ्याच्या बैलांमागे. हाताखालून गेलेला माल वापरून परत येतो तेव्हा कारागिराचं पुढचं शिकणं सुरू होतं, आणि ज्याचा मालच बाहेर जात नाही त्याला ही शाळा बंद. म्हणून न खपण्याची ती दोन वर्षं मला पैशाच्या नुकसानीपेक्षा या कारणानं जास्त जाचक वाटतात.

1910 आणि नंतर

नांगर जरा चालायला लागला तोच बेळगावची जागा सुटली. नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, कारखाना हलवा म्हणाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि 10,000 रुपयांचं कर्जही दिलं. औंध साताऱ्याकडचं, पण संस्थानाचा मुलूख तुकड्या-तुकड्यांचा होता आणि कुंडल त्यातलंच. मिळाली ती 32 एकरांची जमीन, निवडुंग आणि नाग यांनी भरलेली. जमेची बाजू एकच, रेल्वेचं कुंडल रोड स्टेशन जवळ होतं. मार्च 1910 मध्ये वसाहत सुरू झाली, पंचवीसेक कामगार आणि त्यांची बिऱ्हाडं घेऊन. आज ते गाव, किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे, आणि स्टेशनानंही कारखान्याचं नाव घेतलं.

इथं एक उलटफेर गमतीचा आहे. नांगर शेतकऱ्याला दाखवणाऱ्या माणसाला आता स्वतःच पडीक रान साफ करायचं होतं, पाणी शोधायचं होतं, घरं बांधायची होती, आणि साप विंचू चावला तर काय करायचं हेही ठरवायचं होतं. यातलं व्हीजेटीआयमध्ये काहीच शिकवत नव्हते.

मग 1914 चं महायुद्ध आलं. विलायती नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली, पण कच्चं लोखंड आणि कोळसाही मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी गत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, त्या या काळात. शाहू महाराजांच्या तोफांचे नांगर झाले हे वाक्य भाषणात फार छान वाजतं. ओतणाऱ्याच्या दृष्टीनं ती मोठी डोकेदुखी आहे. जुन्या तोफेत काय-काय मिसळलेलं आहे हे कुठं लिहिलेलं नसतं. भट्टीत टाकून, पाचर ओतून, फोडून, रंग बघूनच पुढे जायचं. मी असतो तर आधी देवाचं नाव घेतलं असतं.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली, आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी म्हणून निघालेलं हे पत्र पुढे मराठीतलं वजनदार मासिक झालं, ती कथा वेगळी. इथं त्यातली एकच गोष्ट कामाची. माल चांगला असून भागत नाही, तो वापरणाऱ्याशी बोलत राहावं लागतं, हे कारखान्याला तोवर पुरतं उमगलं होतं. नांगरामागोमाग चरक, भुईमूग फोडायचं यंत्र, पंप, लेथ अशी रांग लागली. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले.

एक सुटलेला धागा

प्रकरण इथं संपवता आलं असतं, पण अलीकडे एक प्रश्न मला वर्गात टाळता येत नाही.

कर्जत तालुक्यातल्या नेरळला सगुणा बागेत भातशेतीचं एक तंत्र विकसित झालं. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरट नाही, चिखलणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. कोल्हापूर भागातही विना-नांगरणीची शेती करणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं असं की जमीन वरचेवर पालथी केली की तिच्यातला सेंद्रिय कर्ब हवेत जळून जातो, गांडुळं मरतात, आणि मोकळी माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. मृदाशास्त्रही याच्या बरंच जवळचं सांगतं. ट्रॅक्टर आल्यापासून आपण दरवर्षी, गरज असो-नसो, रान उलथून टाकतो. लक्ष्मणरावांच्या काळी चार-सहा बैल जमवायच्या कटकटीनं त्याला आपोआप लगाम होता.

म्हणजे 'लोखंडानं जमीन बिघडते' म्हणणारा तो बेळगावकडचा शेतकरी बरोबर होता का? हरळीनं भरलेल्या रानात नव्हता. कुंद्यानं खाल्लेलं काळं रान लाकडी नांगरानं कधीच सुटलं नसतं. पण दरवर्षी खोल नांगरट करणाऱ्या माझ्या रानात, जिथं माती आता हातात धरली तर भुगा होते, तिथं त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही.

आमच्या बांधाला घरचा जुना लोखंडी नांगर पडून आहे. आजोबांनी घेतलेला, रुमण्याची बाजू गंजून गेलेली. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फाळ सोडवला, घासला आणि कानस लावून बघितली. खालच्या बाजूवर कानस अजून घसरते. यंदा दोन एकर रान न नांगरता ठेवलं आहे. भावकीतले हसतात. मी त्यांना म्हटलं आहे, दोन हंगाम थांबा, मग बोलू.